एका पानाचा तक्ता: दीर्घकालीन बद्धकोष्ठावरील कामाच्या नोंदी

6 जानेवारी 2025

आजपासून या कामाची रीतसर नोंद ठेवत आहे. काम दिसायला छोटे आहे: ज्यांना महिनोन्‌महिने बद्धकोष्ठाचा त्रास आहे अशा प्रौढ रुग्णांनी घरी भरायचा एका पानाचा तक्ता आणि त्याच्या मागील बाजूस छापायचा माहितीचा मजकूर, दोन्ही मराठीत. पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर मजकूर तपासतील, आकृत्या एक चित्रकार मैत्रीण काढेल आणि लेखन-संपादन माझ्याकडे राहील. तक्ता प्रथम मी स्वतःवर वापरून पाहणार आहे, कारण गेली सहा-सात वर्षे हा त्रास मलाही आहे आणि त्याचा हिशेब मी आजवर एकदाही मांडलेला नाही.

पहिल्या मसुद्यात दोनच रकाने होते, तारीख आणि ‘शौच झाले की नाही’. डॉक्टरांनी दुसऱ्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढून विचारले, की रोज अर्धा तास कुंथून चार खडे पाडणारा माणूस या तक्त्यात निरोगी ठरतो, ते तुम्हाला चालेल का. मीही तोवर बद्धकोष्ठ म्हणजे दिवसांची मोजदाद असेच धरून चालले होते. बद्धकोष्ठ ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या रोम-4 निकषांत मात्र सहा लक्षणे आहेत: कुंथावे लागणे, मळ कडक किंवा खड्यांसारखा असणे, पोट पुरते साफ न झाल्याची भावना, गुदद्वाराशी काही अडल्यासारखे वाटणे, बोटाने किंवा बाहेरून दाब देऊन मळ काढावा लागणे, आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौच होणे. यांपैकी किमान दोन असावी लागतात, पहिली पाच ही चारांतील एकाहून अधिक खेपांना जाणवावी लागतात, त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला असावा लागतो आणि गेल्या तीन महिन्यांत हे निकष पुरे व्हावे लागतात. सहांपैकी एकच लक्षण मोजदादीचे आहे. बाकीची पाच शौचकूपात बसल्यानंतर काय घडते याविषयीची आहेत. दिवसातून तीनदा जाणारा आणि आठवड्यातून तीनदा जाणारा असे दोघेही, त्रास नसेल तर, ठीकच असतात.

तक्त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तीन रकाने वाढले: मळाचा प्रकार, कुंथावे लागले का, पुरते झाल्यासारखे वाटले का.

9 जानेवारी 2025

मळाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल श्रेणी घेतली आहे. स्टीफन लुईस आणि केनेथ हीटन यांनी 1997 साली 66 स्वयंसेवकांच्या आतड्यांतून अन्न किती वेळात सरकते हे मोजले, सोनामुखी देऊन तो वेग वाढवला, जुलाब थांबवणारे लोपेरामाइड देऊन कमी केला, आणि त्या वेगाचा अंदाज किती वेळा शौच होते यापेक्षा मळाच्या आकारावरून अधिक चांगला येतो असे त्यांना आढळले. सात प्रकारांची ही श्रेणी तेव्हापासून जगभर वापरात आहे. पहिले दोन प्रकार मळ आत फार काळ थांबल्याचे सांगतात, तिसरा आणि चौथा सर्वसाधारण, आणि पाचव्यापासून पुढे तो पातळ होत जातो.

मराठी शब्दांवर आज अख्खी सकाळ गेली. पहिल्या प्रकारासाठी मी ‘विलग, कठीण, गोलाकार पिंड’ असे लिहिले होते. ते वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, सरळ शेळीच्या लेंड्या म्हण की.” म्हटले. दुसरा प्रकार ‘लेंड्या एकमेकींना चिकटून झालेला गाठाळ गोळा’, तिसरा ‘लांबट, पण वरून भेगाळलेला’, चौथा ‘लांबट, गुळगुळीत आणि मऊ’, पाचवा ‘मऊ, सुटे तुकडे’, सहावा ‘फाटक्या कडांचे, लगद्यासारखे’ आणि सातवा ‘निव्वळ पाण्यासारखा’. एवढी भाषा समजायला कोणाला शब्दकोश लागू नये. चित्रकार मैत्रिणीने चौथा प्रकार इतका देखणा काढला आहे की तो पाहून माणूस स्वतःच्या चौथ्या प्रकाराला तिसरा समजेल. तो पुन्हा काढायला सांगितला.

17 जानेवारी 2025

माझे दहा दिवस भरले. शौच सात वेळा झाले, त्यांपैकी चार वेळा पहिला किंवा दुसरा प्रकार, सहा वेळा कुंथावे लागले, आणि पुरते समाधान एकदाच. हे आकडे बघून मला वाईट वाटले त्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटले, कारण कोणी विचारले असते तर मी ‘थोडा त्रास असतो’ एवढेच म्हणाले असते.

खरी भर पडली ती समासात लिहिलेल्या एका शेऱ्याने. दोन दिवशी मी सहज लिहून ठेवले होते: ‘सात दहाला कळ आली, गेले साडेनवाला’. डॉक्टरांनी तेवढ्यावर बोट ठेवले. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर मोठे आतडे अधिक हलते. पोटात अन्न पडले की खालच्या आतड्याला हालचालीची चालना मिळते आणि दिवसातून मोजक्या वेळा येणाऱ्या जोरदार लाटा मळाला लांबवर पुढे ढकलून मलाशयात आणतात. मलाशय ताणले गेले की शौचाची कळ येते. आपण ती दाबली की मलाशयाची भिंत त्या भाराशी जुळवून घेते, काही मिनिटांत कळ विरते, आणि मळ तिथेच थांबतो किंवा थोडा मागे सरकतो. दरम्यान मोठे आतडे आपले नेहमीचे काम करत राहते, आणि ते काम म्हणजे पाणी शोषणे. दिवसाकाठी सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात शिरतो आणि मळावाटे त्यातला जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर बाहेर पडतो. म्हणजे साडेनवाला मी बसते तेव्हा सात दहाचा मळ मला मिळत नाही; त्याहून सुकलेला मिळतो, आणि ढकलणारी लाट येऊन गेलेली असते. हे रोज घडत राहिले तर कळ जाणवायलाच मुळात अधिक मोठा भार लागू लागतो.

तक्त्यात दोन नवे रकाने: ‘कळ आली ती वेळ’ आणि ‘बसले ती वेळ’. चित्रकार मैत्रिणीचे म्हणणे असे की पान आता गच्च भरले आहे. तिचे खरे आहे, पण हे दोन रकाने मी सोडणार नाही. हवे तर अक्षर बारीक करू.

28 जानेवारी 2025

चोथ्याचा प्रयोग मी घाईने केला आणि तो अंगाशी आला. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतुमय भाग पोटात जावा असे सांगितले जाते. माझा हिशेब 12 ग्रॅमच्या आसपास निघाला आणि मी तो एका दिवसात 30 वर नेला: कोंडा, फळे, कडधान्ये, सगळे एकदम. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखे फुगले, आणि तक्त्यात ‘पुरते झाले नाही’ची ओळच लागली. आतड्यातल्या जीवाणूंना एवढे खाद्य अचानक मिळाले की ते वायू तयार करणारच. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅमने वाढवायचे असते, हे मीच मागच्या पानासाठी लिहून ठेवले होते.

सगळा चोथा सारखा नसतो, हे मजकुरात नीट यायला हवे. काही तंतू जीवाणू पूर्ण खाऊन टाकतात, मग मळापर्यंत काही उरत नाही. इसबगोलाचा भुसा पाणी धरून बुळबुळीत होतो, फारसा आंबत नाही आणि शेवटपर्यंत ते पाणी सोडत नाही, म्हणून मळ मऊ राहतो. जाडसर कोंडा वेगळ्या रीतीने काम करतो; त्याचे कण आतड्याच्या आतल्या अस्तराला घासतात आणि त्यातून पाणी व बुळबुळीत स्राव सुटतो, पण तोच कोंडा बारीक दळला तर हा परिणाम हरवतो. प्रयोगांचा एकत्रित आढावा असे दाखवतो की फायदा दिसायला दिवसाला 10 ग्रॅमहून अधिक पूरक तंतू आणि किमान चार आठवड्यांचा धीर लागतो. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचा, नाहीतर तो घशात किंवा आतड्यात गोळा होऊन बसू शकतो. हे वाक्य ठळक छापायचे.

‘खूप पाणी प्या’ हे वाक्य मात्र मी खोडले. शरीरात पाणी कमी असेल तर मळ सुकतो आणि ती कमतरता भरून काढावीच, पण पुरेसे पिणाऱ्याने आणखी दोन तांबे रिचवले तर ते लहान आतड्यातच शोषले जाऊन लघवीवाटे जाते.

4 फेब्रुवारी 2025

औषधांचा रकाना आज नक्की केला. बद्धकोष्ठ वाढवणारी औषधे पुष्कळ आहेत: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके, रक्तदाबासाठीचे वेरापामिल, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे, आणि सगळ्यात ताकदवान म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामके. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, रक्तातील वाढलेले कॅल्शियम आणि पार्किन्सन यांचाही शोध डॉक्टर घेतात. पार्किन्सनमध्ये तर हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून बद्धकोष्ठ असू शकते. हा मजकूर चार ओळींत बसवला.

13 फेब्रुवारी 2025

आठवडाभर काम बंद होते. सासूबाईंच्या खुब्याचे हाड जानेवारीच्या शेवटी मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या घरी आल्या त्या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्या घेऊन. बाराव्या दिवशी त्यांना पातळ शौच होऊ लागले. पातळ म्हणजे चादरीला डाग, कळ न जाणवता निसटणारे तपकिरी पाणी, दिवसातून सहा-सात वेळा. घरातल्या सगळ्यांनी ते जुलाब समजले आणि मीच त्यांना जुलाब थांबवणारी एक गोळी दिली. गेला महिनाभर मी याच विषयावर लिहीत आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पोट ताठ झाले, त्यांनी अन्न नाकारले आणि त्या जरा असंबद्ध बोलू लागल्या. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासले, त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. मलाशयात घट्ट, कोरड्या मळाचा मोठा गोळा अडकून बसला होता आणि त्याच्या वरचा पातळ मळ त्याच्या कडेकडेने झिरपत होता. त्यांना जुलाब झालेलेच नव्हते. तक्त्याच्या भाषेत त्यांचे अकरा दिवस ‘शौच नाही’ आणि पुढचे दोन दिवस ‘प्रकार 7, सहा वेळा’ असे भरले गेले असते, आणि कोणाही अनोळखी वाचणाऱ्याने तेच म्हटले असते जे मी म्हटले.

उपाय खालून सुरू झाला: वंगण लावून बोटाने गोळा फोडून थोडा थोडा काढणे, मग एनिमा, आणि वाट मोकळी झाल्यावर तोंडावाटे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मळ मऊ करणारे रेचक. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या आणि माझा हात त्यांनी असा धरला होता की बांगडीचा वळ उठला. नंतर म्हणाल्या, “हे कोणाला सांगू नकोस हं.” मी म्हटले, “आई, तुमचे नाव न घालता लिहू का?” बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “लिही. पण लेंड्यांचे आधी लिही.”

डॉक्टरांनी त्याच भेटीत समजावले ते असे. अफूवर्गीय औषधाची गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते, पण आतड्यावरचा त्याचा परिणाम अंगवळणी पडत नाही. म्हणून रेचक पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचे असते, त्रास होण्याची वाट पाहायची नसते. अशा वेळी इसबगोल देऊ नये, कारण न हलणाऱ्या आतड्यात नुसता ढीग वाढतो. एरवीची रेचके पुरत नसतील तर मेंदूतील वेदनाशमनाला धक्का न लावता आतड्यापुरता अफूचा परिणाम अडवणारी नालॉक्सेगॉल किंवा मेथिलनाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिलेल्या कागदावर रेचकाची एक ओळ हवी होती. ती नव्हती.

मागच्या पानावर आता चौकट आली आहे: वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बरेच दिवस शौच झाले नसेल आणि अचानक पातळ गळू लागले, तर जुलाबाचे औषध देण्याआधी मलाशय तपासून घ्यावे.

21 फेब्रुवारी 2025

रेचकांचे पान. चाचणी वाचनाला बसलेल्या पाच जणांपैकी चौघांनी एकच प्रश्न विचारला: सवय लागते का?

पॉलिएथिलीन ग्लायकॉल जवळजवळ शोषले जात नाही, सोबत पाणी धरून ठेवते आणि एक ते तीन दिवसांत मळ मऊ करते. नेहमीची मात्रा दिवसाला 17 ग्रॅम. लॅक्टुलोजही पाणी ओढते, पण जीवाणू ते खातात म्हणून पोट फुगते. मॅग्नेशियमची रेचके मूत्रपिंड अशक्त असलेल्याने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी आतड्याला हलवतात. बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांनी लागू पडते म्हणून ती रात्री घेतात. 2023 साली अमेरिकेतील दोन पोटविकार संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत पॉलिएथिलीन ग्लायकॉलची ठाम शिफारस आहे, तर बिसाकोडिल आणि पिकोसल्फेट थोड्या काळासाठी किंवा अडल्या वेळी वापरावे असे म्हटले आहे. एवढ्याने भागले नाही तर लिनाक्लोटाइड, प्लेकॅनाटाइड आणि प्रुकॅलोप्राइड ही पुढची औषधे आहेत.

आता सवयीविषयी. सोनामुखी वर्षानुवर्षे घेतल्यावर दुर्बिणीत आतड्याचे अस्तर काळपट-तपकिरी दिसते. ते पाहून लोक घाबरतात, पण तो रंग निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत फिका पडतो. योग्य मात्रेतली रेचके आतड्याच्या नसा कायमच्या मारतात याला भक्कम आधार मिळालेला नाही. मग लोकांना सवय लागल्यासारखे का वाटते? उत्तेजक रेचकाने एका सकाळी मोठे आतडे बरेचसे रिकामे होते; ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणे स्वाभाविक आहे. त्या दोन कोऱ्या दिवसांना माणूस घाबरतो, ‘गोळीशिवाय होतच नाही’ असे ठरवतो आणि पुढची गोळी घेतो. माझ्या स्वतःच्या जुन्या डायरीतही मंगळवार-शुक्रवार असा गोळीचा क्रम सापडला, आणि मधले कोरे दिवस मी तेव्हा लाल शाईने खुणावलेले होते.

3 मार्च 2025

माझा तक्ता आता काही वेगळेच सांगू लागला आहे. कळ आली की लगेच बसते, इसबगोल हळूहळू वाढवून ठरल्या मात्रेवर आणला, तीन आठवड्यांपासून रोज पॉलिएथिलीन ग्लायकॉल घेते. मळाचा प्रकार जवळजवळ रोज चौथा. तरीही बसण्याची वेळ वीस-पंचवीस मिनिटे, कुंथणे तसेच, आणि ‘पुरते झाले का’ या रकान्यात ‘नाही’.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले की मऊ मळसुद्धा बाहेर येत नसेल तर अडचण वाहतुकीत नाही, दारात आहे. बद्धकोष्ठाचे ढोबळ तीन गट ते करतात: वेग ठीक असूनही त्रास होणे, मोठ्या आतड्याची चाल मंदावणे, आणि बाहेर टाकण्याच्या क्रियेत बिघाड असणे, यांतले दोन एकाच माणसात असू शकतात. माझ्याबाबतीत आधीची सहा वर्षे सगळे उपाय दुसऱ्या गटाचे झाले, आणि गुदमार्गाची बोटाने तपासणी एकदाही झाली नाही. कुणी सुचवली नाही आणि मीही कधी विचारले नाही. रक्त पडणे, वजन घटणे, रक्तक्षय, घरात मोठ्या आतड्याचा कर्करोग यांपैकी काही नाही याची त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली. पुढच्या आठवड्यात दाबमापन आणि फुग्याची चाचणी आहे.

11 मार्च 2025

चाचणीचा दिवस. कुशीवर झोपवून बोटाहून बारीक, दाब मोजणारी नळी गुदद्वारातून आत सरकवली. पडद्यावर दोन रेषा दिसत होत्या, वरची मलाशयातल्या दाबाची, खालची गुदद्वाराच्या स्नायूंची. “आता शौचाला बसल्यासारखा जोर करा,” असे सांगितले. मी नेहमीचा जोर केला. वरची रेषा चढली, जशी चढायला हवी. आणि खालचीही तिच्याबरोबर चढली. ती उतरायला हवी होती. मी एकाच वेळी दार ढकलत होते आणि कडीही लावत होते, आणि हे मला स्वतःला मुळीच जाणवत नव्हते.

मग 50 मिलिलिटर कोमट पाण्याने भरलेला लहान फुगा मलाशयात ठेवून पडद्याआडच्या खुर्चीवर बसायला सांगितले. बहुतेक निरोगी माणसे तो एका मिनिटात बाहेर टाकतात. मी तीन मिनिटे घड्याळाचा काटा पाहत बसले आणि शेवटी परिचारिकेने तो काढून घेतला.

शौचाच्या वेळी काय घडते ते आता मला चित्रकार मैत्रिणीला सांगता आले. प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू मलाशयाच्या शेवटाला मागून गोफणीसारखा वेढा घालून पुढे खेचून धरतो, त्यामुळे एरवी तिथे जवळजवळ काटकोनाचा बाक असतो आणि आपोआप काही निसटत नाही. शौचाच्या वेळी ही गोफण सैल पडायला हवी, म्हणजे बाक सरळ होतो. उकिडवे बसल्याने, किंवा कमोडवर पायांखाली लहान चौरंग घेऊन गुडघे कमरेच्या वर आणल्याने आणि किंचित पुढे वाकल्याने तो आणखी सरळ होतो. ज्यांची गोफण उलट आवळते त्यांना हे पुरत नाही, पण मदत होते. तिने गोफण इतकी नेमकी काढली की डॉक्टरांनी तिच्याकडून त्या चित्राची प्रत मागून घेतली.

मंद चाल ओळखण्यासाठी वेगळी चाचणी असते. क्ष-किरणात दिसणाऱ्या 24 बारीक कड्यांची कुपी गिळायची आणि पाचव्या दिवशी चित्र काढायचे. पाचाहून अधिक कड्या आतच राहिल्या तर चाल मंद. मात्र दाराशी अडथळा असेल तर तोही वरची चाल मंदावू शकतो, म्हणून दाराची चाचणी आधी.

20 मे 2025

बायोफीडबॅकची, म्हणजे पडद्यावर आपल्याच स्नायूंचा दाब पाहत ते सैल सोडायला शिकण्याची, पाचवी आणि शेवटची बैठक झाली. दर दोन आठवड्यांनी एक अशा या बैठका होत्या. पडद्यावरच्या त्याच दोन रेषा, आणि समोर बसलेली भौतिकोपचारतज्ज्ञ. पहिल्या बैठकीत तिने माझ्याकडून फक्त श्वास करून घेतला: छाती न उचलता पोट बाहेर ढकलून श्वास भरायचा, दात-ओठ आवळायचे नाहीत. माझी जबड्याची सवय तिनेच दाखवली. जबडा आवळला की खालची रेषा वर उडी मारायची. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी एकदा, केवळ एकदा, वरची रेषा चढत असताना खालची उतरली. ते नेमके कशाने झाले हे मला सांगता येईना, पण शरीराने ते पकडले होते. चौथ्या बैठकीला फुगा चाळीस सेकंदांत बाहेर आला.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशाच बिघाडाच्या 109 रुग्णांपैकी 54 जणांना बायोफीडबॅक आणि 55 जणांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल दिले गेले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 80 टक्के आणि दुसऱ्यात 22 टक्के रुग्णांना मोठा आराम होता. हा आकडा मागच्या पानावर जाईल, कारण ‘व्यायाम’ हा शब्द वाचून लोक ही गोष्ट गोळीपेक्षा हलकी समजतात. बाहेर टाकण्याच्या क्रियेत बिघाड नसलेल्यांना मात्र याचा उपयोग नाही, हेही त्याच ओळीत लिहिले.

माझे सध्याचे आकडे: बसण्याची वेळ पाच-सहा मिनिटे, ‘पुरते झाले’ दहांपैकी सात-आठ वेळा. दहा मिनिटांत झाले नाही तर उठायचे, हा नियम. गडबडीच्या दिवशी जबडा अजून आवळतो.

26 मे 2025

प्रस्तावनेच्या मसुद्यात एका सहकाऱ्याने ‘साचलेल्या मळातील विषारी द्रव्ये रक्तात भिनतात’ हे वाक्य घातले होते. ते काढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच समजुतीपायी लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठासाठी लोकांची मोठी आतडी काढून टाकत असत. पुढे प्रयोगांतून दिसले की मलाशय नुसत्या कापसाने भरले तरी तेच जडपण आणि तेच डोके दुखणे सुरू होते, आणि कापूस काढताच ते लगेच थांबते. विष उतरायला एवढा थोडा वेळ पुरला नसता. ताणलेले मलाशयच ती लक्षणे निर्माण करते. ‘पोट साफ होणे’ या आपल्या शब्दांतच आत घाण असल्याचे गृहीत आहे, त्यामुळे हे वाक्य कोणालाही खटकले नव्हते, मलासुद्धा पहिल्या वाचनात नाही. वाक्प्रचार मात्र तक्त्यात ठेवला, कारण रुग्ण डॉक्टरांशी तोच बोलतात.

2 जून 2025

छपाईची प्रत निश्चित झाली. धोक्याची लक्षणे मागच्या पानावरून पुढच्या पानाच्या वरच्या टोकाला आणली: मळातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, रक्तक्षय, उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास, तीव्र पोटदुखीसह उलट्या आणि वायूही न सरणे. यांपैकी काही असेल तर तक्ता भरत बसायचे नाही, डॉक्टरांकडे जायचे. शेवटच्या लक्षणासाठी तर त्याच दिवशी.

‘शौच झाले की नाही’ हा मूळ रकाना अखेर पानावरून गेला. प्रकाराचा आकडा असला की झाले, आडवी रेघ असली की नाही, वेगळा रकाना कशाला. त्याच्या जागी एक मोकळा रकाना आला, तो सासूबाईंमुळे. त्या आता काठी घेऊन चालतात, आणि चाचणीसाठी दिलेला तक्ता त्यांनी चौदा दिवस नेमाने भरला, पण आकडे न घालता प्रत्येक चौकोनात त्या शब्द लिहीत गेल्या: ‘कोठा जड’, ‘लेंड्या’, ‘आज बरे’, ‘गोळी विसरले’. डॉक्टरांनी तो वाचला आणि आठव्या दिवसाच्या ‘दुखते म्हणून गेले नाही’ या शेऱ्यावरून त्यांची गुदचीर ओळखली. नव्या रकान्याला मथळा दिला आहे ‘तुमच्या शब्दांत’.